नेनेकची कात

सिंगापूरची हवा कोरडी असू शकते, असं कुणी जगदीश रामटेकेला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेला माणूस तो. तिथे मे महिन्यात धुतलेला शर्ट तारेवर टाकून वळेपर्यंत वाळतो. आणि इथे, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, तळलेला पापड ताटात येईस्तोवर मऊ पडायचा. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागायचे. लग्नातल्या कोटाला तर दरवर्षी बुरशी धरायची. दहा वर्षं हे बघून त्याचं एक मत झालं होतं पक्कं, की या गावात बाकी काहीही कमी पडेल, ओल कमी पडायची नाही. या मतानेच त्याचा घात केला.

जगदीश एका खाजगी प्राणीकेंद्रात सुपरवायझर होता. एसी, पंप, फिल्टर सगळं त्याच्याकडे. शाळांच्या सहली तिथे कासवं, घोरपडी आणि साप बघायला यायच्या. सिंगापुरात घरी साप पाळायला बंदी आहे, तरी हौसेला मोल नसतं. लोक चोरून पाळतात, पकडले जातात, आणि ते बिचारे जीव कुठल्यातरी पिंजऱ्यात येऊन पडतात. तशीच एका फ्लॅटमधून जप्त होऊन आलेली अजगराची एक मादी तिथे होती. आफ्रिकेकडची बुटकी जात, चारेक फुटांची, वय झालेली. मलाय भाषेत आजीला नेनेक म्हणतात, तेच तिचं नाव पडलं. गरीब तरी किती! वीस-वीस पोरं अंगावरून हात फिरवून जायची आणि ही आपली वेटोळं घालून गुमान बसायची. तिची देखभाल रोहानाकडे होती. पन्नाशीची, विधवा, एकेका वर्षाच्या करारावर काम करणारी मलाय बाई. बोलायची कमी, पण सकाळी आल्या आल्या आधी नेनेकच्या पेटीशी जायची, मग पर्स ठेवायची.

बिघडलं ते असं. इमारतीच्या भिंतींना बुरशी धरली म्हणून नवा दणकट एसी बसवला. एसी हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून जगदीशने नेनेकच्या काचेच्या पेटीत धुकं सोडणारं छोटं यंत्र लावलं. ओलीचा आकडा साठच्या खाली गेला की धुकं सुरू, पासष्टला पोचला की बंद. झकास योजना. फक्त ओल मोजणाऱ्या सेन्सरची वायर दोन हात तोकडी निघाली. नेनेक जिथे बसायची त्या दिव्याखालच्या कोपऱ्यापर्यंत ती पोचेना. लांब वायर मागवायची तर फॉर्म भरा, सह्या घ्या, वाट बघा. जगदीशने सेन्सर धुक्याच्या तोंडाशीच अडकवून टाकला. इथल्या हवेत दोन हातांनी काय फरक पडतो, पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला. तो पुढचा आठवडा कधी येतो, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको.

सापाची कात पायमोजा उलटा काढावा तशी अखंड निघायला हवी. हवा कोरडी असली की ती तुकड्यातुकड्यांनी सुटते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखा एक खवला असतो, आणि तोही कातीबरोबर निघतो. नेनेकचे ते दोन खवले निघालेच नाहीत. पुढच्या वेळेलाही नाहीत. जुन्यावर नवा थर चढून डोळे दुधी काचेसारखे झाले. रोहाना दोनदा येऊन म्हणाली की मला पेटीतली हवा कोरडी वाटते. जगदीशने तिला दोन्ही वेळा यंत्रावरचा आकडा दाखवला. पासष्ट. आकडा काय खोटं बोलणार आहे?

जानेवारीत डॉक्टरांनी सांगून टाकलं, की आता तिसऱ्यांदा खवले अडकले तर खाली पू धरेल आणि डोळे जातील. मॅनेजर म्हणाला, आंधळा, म्हातारा साप मुलांपुढे आणता येणार नाही, मग तिला कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल. वर त्याने नोंदी तपासल्या. रोजचा आकडा बरोबर, म्हणजे यंत्र बरोबर, म्हणजे चूक रोहानाची. तिच्या नावाने ताकीदपत्र निघालं. तिचा करार मार्चमध्ये संपत होता, तेव्हा पुढचं सांगायची गरज नव्हती. जगदीश त्याच टेबलाशी बसला होता. त्याला ती तोकडी वायर आठवली. पण त्याचा स्वतःचा सिंगापुरात काम करायचा पासही फेब्रुवारीत नवा व्हायचा होता, आणि तो मूग गिळून गप्प राहिला.

दुपारी मात्र त्याला राहवेना. एकटाच पेटीशी गेला. त्याचे वडील नागपुरात कूलर दुरुस्त करायचे. दर मार्चमध्ये घरोघर जाऊन वाळ्याच्या ताट्या भरायच्या, मोटारी बघायच्या. ताटी नीट भिजते का हे बघायला त्यांच्याकडे मीटर नव्हतं. ते हाताची मागची बाजू ओली करायचे आणि कूलरपुढे धरायचे. ओल हातावर टिकली तर काम चोख, झटकन सुकली तर ताटी कुठेतरी कोरडी. इथल्या मराठी मंडळींत जगदीश हे कधी सांगायचा नाही. तिथे तो इंजिनीअर होता, कूलरवाल्याचा पोरगा नव्हता. त्या दुपारी त्याने हात ओला केला आणि नेनेकच्या कोपऱ्यात धरला. दहा अंकही मोजून झाले नव्हते, हात खडखडीत! थेट मे महिन्यातलं नागपूर.

मग गडी कामाला लागला. भंगारातली वायर जोडून सेन्सर त्याने कोपऱ्यात नेला. आकडा दिसला अडतीस. संध्याकाळी लिटिल इंडियात गेला. पोंगलचे दिवस, सेरंगून रोडवर मातीच्या मडक्यांचे ढीग लागले होते. त्यातलं एक बिनझिलईचं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, कानशीने घासून कडेला सापापुरतं दार केलं, आत ओला काथ्या भरला. मडकं पाझरतं, आत गारवा आणि ओल धरून ठेवतं, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पेटीत ठेवल्यावर तासाभरात नेनेक आत जाऊन बसली.

रोहाना इतकी हरखली की दुसऱ्या दिवशी घरून नारळाच्या वड्या करून घेऊन आली. मॅनेजरसमोर म्हणाली, यांनी माझ्या नेनेकसाठी स्वतःच्या हाताने घर बनवलं. मॅनेजरने पाठ थोपटली. जगदीशने आपली वडी हळूच परत डब्यात ठेवली. मनाची समजूत मात्र त्याने घातली, की आता चूक तर सुधारली, मग कशाला गावभर करायची?

रविवारी घरी बुद्धवंदना असायची. जगदीश पुढे म्हणायचा, बायको स्नेहल आणि नऊ वर्षांची उत्पला मागून. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं झालं. चौथं, मुसावादा वेरमणी, म्हणजे मी खोटं बोलण्यापासून दूर राहीन. तिथे तो थांबला. उत्पलाला वाटलं पप्पा विसरले. "पप्पा, व्हाय यू स्टॉप?" म्हणत तिने ती ओळ घडाघडा पुरी केली.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने स्नेहलला सगळं सांगितलं. पास जाईल, पोरीची शाळा सुटेल, हेही सांगितलं. खरं तर मी खोटं कुठे बोललो, नुसता गप्प होतो, असंही म्हणून पाहिलं. स्नेहल पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही गप बसले, अन् भोगून ती बाई राहिली," ती म्हणाली. "पासाचं पाहू आपण. तुमच्या बाबांनी कोणाच्या घरचा कूलर कोरडा सोडला होता काय कधी?"

सोमवारी जगदीशने रोहानाला सोबत घेतलं आणि मॅनेजरपुढे तोकडी वायर टेबलावर ठेवली. ती दोनदा सांगायला आली होती, मी ऐकलं नाही, हेही बोलला. मॅनेजर चिडला. रोहानाचं ताकीदपत्र मागे घेतलं गेलं आणि तसंच दुसरं जगदीशच्या नावाने निघालं. पासाचं काय करायचं ते वरचे ठरवतील, असं उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर रोहानाने फक्त विचारलं, की मी वड्या आणल्या तेव्हा तुला हे ठाऊक होतं? जगदीशने होकाराची मान हलवली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तिचं तरी काय चुकलं? बाईने ते पत्र दहा दिवस पर्समध्ये घेऊन घालवले होते.

फेब्रुवारीत नेनेकचे डोळे निळसर झाले, म्हणजे कात जवळ आली. जगदीश रोज सकाळी येऊन हात ओला करायचा, पेटीत धरायचा, मनात आकडे मोजायचा. रोहाना दुसऱ्या बाजूला आपलं काम करत राहायची. त्याच आठवड्यात त्याचा पास नवा झाला, दोनाऐवजी एकाच वर्षाचा. एक तर एक, स्नेहल म्हणाली.

गुरुवारी सकाळी रोहानाने त्याला हाक मारली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. ती पेटीशी उभी होती, हातात अखंड कात, ओली आणि लांबच लांब. तिने कातीचं डोक्याकडचं टोक उजेडात धरलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना छोट्या गोल चकत्या होत्या, एकावर एक थर साचलेल्या, जाडसर. मडक्याच्या दारातून नेनेक डोकं बाहेर काढून बसली होती. डोळे काळेभोर, लख्ख. जगदीशला भरून आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"दोन्ही निघाले," रोहाना म्हणाली.

मग तिने नोंदवही त्याच्यापुढे सरकवली. यंत्राच्या आकड्याशेजारी तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता, वर मलायमध्ये लिहिलं होतं, हात. पहिल्या ओळीत तिचा स्वतःचा आकडा होता, चाळीस मोजेपर्यंत ओल टिकली. खाली सहीसाठी दोन जागा होत्या. एकीत तिने सही केलेली होती. तिने पाण्याचं भांडं त्याच्याकडे ढकललं आणि पेन हातात धरून तो मोजायला लागायची वाट बघत उभी राहिली.