मक्याच्या पानातलं मेण

ओदिलियाच्या दातांना तार बसली आणि आमच्या यालागी गावाला महिनाभर पुरेल असा विषय मिळाला. तिशी ओलांडलेली बाई, मक्याची गिरणी चालवणारी, गावच्या बँडमधली पहिली ट्रम्पेटवाली, आणि तोंडात शाळकरी पोरीसारखी तार! सकाळी भिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन बायका गिरणीवर रांगेला लागल्या की सुरू व्हायचं.

"हस की गं ओदिलिया, कुंपण बघू दे तुझं."

"कुंपण कशाला पण? आत कुणाची गुरं शिरत होती?"

"तुझ्याच नवऱ्याला विचार," ओदिलिया पट्टा चढवता चढवता म्हणायची, "कुंपणावरून उड्या मारायची सवय त्याला आहे."

बायका खो खो हसायच्या. ओदिलियाही हसायची, ओठ मिटून. पण मिटल्या ओठांआड काय चाललं होतं ते कुणाला दिसणार? जीभ सारखी दातांवरून फिरे. हा हलतोय का? तो? काल हलत होता त्यापेक्षा जास्त हलतोय का? झोपेत तिला स्वप्न पडायचं की कणसाचे दाणे सोलावेत तसे आपले दात ओंजळीत पडताहेत, आणि ती ते परत खोचायला बघतेय.

ही भीती आली होती बापाकडून. निकानोर एके काळी साऱ्या डोंगरपट्ट्यातला नावाजलेला ट्रम्पेटवाला. याच बँडमध्ये, याच सेनोबियो मास्तरांच्या हाताखाली, तिच्याच खुर्चीवर. ओदिलिया अकरा वर्षांची असताना त्याचे पुढचे चार दात गेले. खेचराने लाथ मारली, असं त्याने गावाला सांगितलं. दात गेले तसा सूर गेला. ओठांना मागून आधारच नाही, तर फुंकर टिकणार कशी? ट्रम्पेट त्याने पोरीच्या हातात दिलं आणि त्यानंतर बँड गल्लीतून जायला लागला की हा कुदळ उचलून शेतावर. पण ओदिलियाने एकदा पाहिलं होतं. बांधावर बसला होता, खालून बँडचा आवाज येत होता, आणि त्याची तीन बोटं गुडघ्यावर आपोआप दाबली जात होती. ती तशीच परत फिरली होती. दात गेलेला ट्रम्पेटवाला कसा दिसतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून तर शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, "खालचे दात वरच्यांना बाहेर ढकलताहेत, दोन हलायला लागलेत, असंच चाललं तर पाच-सहा वर्षं, फार नाही," असं म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. तार बसवली तर वाजवताना ओठ फाटणार. नाही बसवली तर दात जाणार. आड आणि विहीर! दोनदा तिने तारीख पुढे ढकलली. तिसऱ्यांदा डोळे मिटून खुर्चीत बसली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक पुडकं दिलं आणि मोजून मोजून समजावलं. मऊ केसांचा ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणावं असा एक इवलासा, तारेखालून फिरवायला. ओवायचा कडक टोकाचा दोरा. छोटा आरसा. दुखण्याच्या गोळ्या. कोमट पाण्याला मीठ घरचं. आणि बोटाएवढ्या डबीत पाच पांढऱ्या मेणकांड्या. "जिथे टोचेल तिथे वाटाण्याएवढं मेण चोळून लावायचं. आणि कडक काही खायचं नाही. दाताने तोडायचं नाही. ऐकलं ना?"

ऐकलं. ओदिलियाने ते सगळं एका विणलेल्या पिशवीत भरलं, आणि ती पिशवी ट्रम्पेटच्याही आधी गळ्यात जायला लागली. लोक हसले तर हसले. तिला त्या पिशवीचाच काय तो आधार होता.

पण मेण पुरेना हो! डॉक्टरीणबाईंनी हिशोब धरला होता बोलण्या-जेवण्याचा. ट्रम्पेटची वाटी ओठांवर दाबून तासतासभर वाजवणाऱ्या बाईचा कुठे धरला होता? एका सरावात मेण चपटं होऊन निसटायचं, कधी थुंकीबरोबर पोटात जायचं. वरच्या ओठाला आतून चिरा पडल्या. दोन आठवड्यांत डबी रिकामी. शहरात जाणाऱ्या गाडीवाल्याला सांगून पाठवलं, तर त्या शहाण्याने चपला चमकवायचं मेण आणलं, आणि वर म्हणतो, "मेण ते मेण!"

आणि समोर उभी होती तावेचे गावची जत्रा. तिथल्या बँडने गेल्या वर्षी आमच्या देवाच्या सणाला दिवसभर वाजवलं होतं. आता आमची पाळी. शेतात जशी सावड असते, आज तू माझ्याकडे ये, उद्या मी तुझ्याकडे, तशी आमच्या डोंगरात वाजपाची असते, गोसोना म्हणतात तिला. ती चुकवणं म्हणजे गावाच्या तोंडाला काळं फासणं. दुपारची प्रार्थना सुटली की देवळाच्या दारात एक जुनी संथ चाल वाजते, आणि तिच्यातली मधली लांब ओळ पाहुण्या बँडच्या पहिल्या ट्रम्पेटने एकट्याने वाजवायची. सगळा बँड गप्प. सगळं गाव गप्प. ती ओळ फुटली तर पुढची वीस वर्षं तावेचेवाले तीच गोष्ट सांगणार. आणि पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर बाई बसवली हे ज्यांना आधीपासून खुपत होतं, त्यांचं तर फावणारच.

निघायच्या सकाळी निकानोर दारात उभा होता. तार बसल्यापासून त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. तारेचा विषय निघाला की उठून जायचा. त्याने मक्याच्या सुक्या पानात बांधलेली एक पुरचुंडी पुढे केली.

"पिशवीत टाक."

"मीठ आहे का बाबा? मीठ घेतलंय मी."

"टाक म्हटलं ना! वाद नको घालूस."

तिने टाकली. गाडी सुटली तरी तो दारातच उभा होता.

तावेचेला पाहुण्या वाजप्यांना घराघरांत वाटून जेवायला घालतात. मास्तर सेनोबियो, दुसरा ट्रम्पेटवाला गौदेन्सियो आणि ओदिलिया असे तिघे एपिफानियाबाईंच्या, आमच्या बोलीत दोन्या एपिफानियाच्या, घरी गेले. सत्तरीची बाई, आवाज पिपाणीसारखा. तिने काय वाढावं? निखाऱ्यावर भाजून कडकडीत केलेली, ताटाएवढी मक्याची भाकरी, त्लायुदा. वर सुकवलेलं मांस.  सावडीला आलेल्या वाजप्याने पानातलं परत करणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर मारणं. ओदिलियाने हळूच तुकडा घेऊन घेवड्याच्या रश्शात बुडवला. मऊ व्हायची वाट बघत बसली.

"का गं बाई," दोन्या एपिफानियाने कमरेवर हात ठेवले, "माझी त्लायुदा भिजवून खावी लागते? शिळी लागली?"

"नाही हो दोन्या, छान आहे."

"मग दात नाहीत का तुला? माझ्या तोंडात पाचच आहेत, तरी मी कडाकडा खाते. बघ!"

घर हसलं. गौदेन्सियोने मिशीआड तोंड लपवलं. मास्तरांची नजर वर आली, करडी. बोलायचं होतं तिला, की दोन्या, मला तार आहे, मला चालत नाही. एवढीशी गोष्ट! पण नुसतं तोंड उघडून दाखवायलाही ती घाबरली. मास्तर समोर बसलेत. पहिली ट्रम्पेट भाकरी चावू शकत नाही, तर ओळ काय वाजवणार, असं त्यांना वाटलं तर? तिने तुकडा उचलला आणि कड्कन तोडला.

कट् झालं. भाकरीचं नव्हे. आत काहीतरी झालं.

"अशी खा!" दोन्या खूश झाली.

ओदिलियाने तो घास तसाच गिळला, पाणी प्यायली, आणि हात धुवायचं निमित्त करून परसात गेली. धुण्याच्या दगडाआड उकिडवी बसली. आरसा काढून ओठ वर केला. वरच्या दातावर चिकटवलेला धातूचा ठिपका सुटून लोंबत होता, आणि तारेचं टोक ओठात घुसलं होतं. बरोबर तिथेच, जिथे ट्रम्पेटची वाटी बसते. प्रार्थना सुटल्याची घंटा वाजायला अर्धा तास. तिने मेणाची डबी उघडली. ती रिकामी आहे हे तिला माहीत होतं, तरी उघडली. पिशवी उलटी केली. ब्रश, दोरा, गोळ्या, मीठ. आणि ती पुरचुंडी.

पान सोडलं तर आत मेणाचा गोळा. मधमाशीच्या मेणाचा, देवाच्या मेणबत्तीतला, जुना होऊन काळपट पिवळा पडलेला, लिंबाएवढा. बापाच्या तंबाखूचा वास येत होता. आणि त्याच्या एका बाजूला एक खोल खळगा होता. दाताचा. तिरक्या, तुटक्या दाताचा.

बाबा म्हणायचा, खेचराने लाथ मारली. खेचर! घरात खेचर होतं कुठे? आजाने ते तिच्या जन्माच्या आधी विकलं होतं. इतकी वर्षं ऐकत आली आणि एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आता सगळं आठवायला लागलं. ती आठ-नऊ वर्षांची. जत्रेत वाजवायच्या आधी बाबा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, बोट तोंडात. तिला वाटायचं मांसाचा तुकडा अडकलाय. गालाला सूज असायची, म्हणायचा गांधीलमाशी चावली. दात मोडला होता, खाली पू झाला होता, आणि हा माणूस त्याला मेण फासून दोन वर्षं वाजवत राहिला होता. कुणाला बोलला नाही. खुर्ची जाईल म्हणून. एका दाताचे चार होईपर्यंत.

तिने गोळा तळहातात धरून वाफ दिली. हळूहळू तो मऊ झाला. त्या खळग्यावर अंगठा ठेवताना तिला रडू फुटलं. मग तिने वाटाण्याएवढं मेण काढलं, चोळलं, तारेच्या टोकावर दाबून बसवलं. बसलं. आता गुपचूप जाऊन उभं राहिलं तर कुणाला कळणारसुद्धा नव्हतं.

तेच तर भयंकर होतं. कुणाला कळणार नव्हतं.

मास्तर देवळाच्या पायरीवर कागद लावत होते. ओदिलिया त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मास्तर," ती म्हणाली. आणि तिने सरळ ओठ वर करून दाखवला. मेण, तार, रक्त, सगळं.

मास्तरांनी चष्मा वर केला. वाकून पाहिलं. तिला वाटलं, संपलं. आता ट्रम्पेट मागून घेणार.

"वाजवशील?"

"वाजवीन. पण मध्येच ओठ सुटला तर गौदेन्सियोदादांनी ओळ उचलावी. मी खाली मान घालीन, तीच खूण."

"आधी सांगायचं होतंस, पोरी," मास्तर चिडून म्हणाले. "ओळ काय देवाने लिहिलीय? आपल्या बँडसाठी मीच बसवलीय. दोघांत वाटून दिली असती." आणि ओरडले, "गौदेन्सियो! इकडे ये, आणि मिशी पूस आधी."

तिने वाजवलं. गोड लागलं असं मी म्हणणार नाही. पहिला अर्धा भाग स्वच्छ गेला. मग तोंडात रक्ताची खारट चव आली, मेण सरकलं, तारेने ओठ धरला. डोळ्यांपुढे बापाची गुडघ्यावरची बोटं आली. एक क्षण तिला वाटलं, दाबावं, फाटला तर फाटू दे. आणि तिने मान खाली घातली. गौदेन्सियोने सूर असा उचलला की जत्रेतल्या लोकांना वाटलं मास्तरांनी ओळ मुद्दामच दोघांत वाटलीय. शेवटच्या चार सुरांना ती परत आली.

दोन्या एपिफानियाने निघताना तिचा सुजलेला ओठ पाहिला आणि कपाळावर हात मारला. "मेले, बोलली का नाहीस? पेज दिली असती की!"

संध्याकाळी गाडी यालागीला लागली तेव्हा निकानोर दारातच होता, जणू सकाळपासून हललाच नव्हता. बँड कसा झाला, ओळ कशी गेली, काही विचारलं नाही.

"आ कर," तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. त्याने तिला उजेडाकडे वळवलं आणि आपल्या शेतकरी बोटाने एकेक दात हलकेच दाबून मोजला. वरचे, मग खालचे. मग पुन्हा वरचे.

"आहेत," तो म्हणाला. "सगळे आहेत."

"मेण उरलंय बाबा, पण त्याच्यावरचा तो... तुमचा ठसा मोडला माझ्या हातून."

"मोडू दे." तो उंबऱ्यावर बसला. "मास्तरला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

"आधी सांगायचं होतंस म्हणाले. ओळ वाटून दिली असती म्हणाले."

निकानोरची गुडघ्यावरची तीन बोटं एकदा दाबली गेली आणि थांबली.

"मलाही दिली असती का गं?"

ओदिलिया त्याच्या शेजारी बसली. खोटं बोलायला तिला ओठ दुखत होता म्हणा, किंवा नव्हतंच बोलायचं.

"हो बाबा," ती म्हणाली. "दिली असती."

मग ती उठली आणि दोघांपुरती मक्याची पेज चुलीवर ठेवली.