साडूच्या मापाचे बूट

गेवराईत माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचं माप विचारल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. आणि स्वतःसाठी मात्र साडूच्या मापाचे बूट घेऊन आलो, कारण मी त्याच्यावर जळत होतो.

साडू बीडला शिक्षक. दर श्रावणात आमची दोन्ही घरं डोंगरावरच्या महादेवाला जातात. गेल्या वर्षी तो नवे ट्रेकिंगचे बूट घालून सगळ्यांच्या आधी वर पोचला आणि माझी बायको बहिणीला म्हणाली, "दाजींची चाल बघ की, लई डौलदार हाय!" एकवीस वर्षांच्या संसारात माझ्या चालीला असा एक शब्द मिळाला नव्हता. मला तो हवा होता.

बूट कसे घेतले, तेही साडूनं सांगितलं होतं. जुनी चप्पल नेऊन तळ कुठं झिजलाय ते दाखवलं, संध्याकाळी पाय सुजल्यावर जाड मोज्यांवर बूट घालून पाहिले, उतारावर बोटं आपटू नयेत म्हणून पुढं थोडी जागा ठेवली. मी हं हं करत फक्त नंबर लक्षात ठेवला.

यंदा तेच बूट, तोच नऊ नंबर. साडूचा पाय निमुळता, माझा फताडा. दुकानदार रुंद जोड दाखवत होता, मी बघितलासुद्धा नाही.

दात-ओठ खात मी साडूच्या आधी वर पोचलो. देवळाच्या पायरीशी बूट काढले, तर करंगळ्या सोललेल्या आणि मोजे रक्तानं चिकटलेले. दर्शन झाल्यावर पाय पुन्हा बुटात जाईना.

बायकोनं पिशवीतून माझ्या जुन्या चपला काढल्या. "तुमी टाचा बाहेरून घासताव, बोटं पसरून चालताव. मला ठावं न्हाई व्हय? बूट बघितले तवाच ह्या घेतल्या संगं."

मी चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात साडू म्हणाला, "बघू का घालून?" बूट त्याला अगदी नेमके बसले. स्वतःचा जुना जोड हातात धरून तो झपाझप उतरायला लागला.

मी सगळ्यांत मागं राहिलो. बायको माझ्या वेगानं, माझ्याशेजारून उतरत होती. आणि मी मेला, पुढं चाललेले माझे बूट बघत होतो.