सगळे आत आल्यावर

एलीजो गाईड होता. स्की लावलेल्या माणसांना डोंगरातल्या एका निवाऱ्यावरून दुसऱ्या निवाऱ्यावर नेण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याची रीत ठरलेली. वाटेत सगळ्यांच्या पुढे, दारात सगळ्यांच्या मागे. दार धरून उभा राहायचा आणि शेवटचा माणूस आत गेला की मगच स्वतः आत यायचा.

वय झालं, गिऱ्हाइकं तरुण गाईडांकडे गेली. तरी मार्च लागला की तो एकटाच मी चालवते त्या निवाऱ्यावर चढून येतो आणि दार उघडं धरून उभा राहतो. बर्फ उडतो तो थेट माझ्या चुलीपर्यंत.

"अरे, दार लाव की! लाकडं काय तुझा बाप आणून देतो?"

"थांब गं ओर्नेला, येतायत."

मागे चिटपाखरूही नसतं.

परवा दिवसभर माझ्याकडेही कुणी फिरकलं नव्हतं. तो आला, दार धरून उभा राहिला. ओठावर आलेली शिवी मी गिळली. मागच्या दारानं बाहेर पडले, निवाऱ्याला वळसा घातला, बूट आपटून बर्फ झाडला आणि त्याच्या हाताखालून आत शिरले.

"झाले सगळे," तो म्हणाला, आणि त्यानं दार लावलं.