सासऱ्यापुरतं ठिगळ

मुरुमच्या मल्लिनाथला हरायचा कंटाळा आला, तिथून हे सगळं सुरू झालं. लग्न झाल्यापासून दर रविवारी सासरे सिद्रामप्पा त्याला बुद्धिबळाच्या पटावर बसवायचे आणि तो निमूटपणे मुद्दाम हरायचा. जावयाला जिंकायची सोयच नव्हती. सिद्रामप्पा हरले की जेवत नसत, गावाबाहेरच्या मठात जाऊन बसत. ते जेवले नाहीत की सासूबाई चन्नम्मा जेवत नसत. आणि याचा जाब घरी त्यांची लेक उमादेवी नवऱ्याला विचारी.

मल्लिनाथचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं सासऱ्यांना एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला आणि त्यात बुद्धिबळाचा फुकटचा प्रोग्राम टाकला. जगभरची हौशी मंडळी मिळून तो लिहितात. कुणालाही तो उघडून आत काय आहे ते बघता येतं, हवा तसा बदलता येतो. मल्लिनाथनं बदल केला तो असा: प्रोग्रामनं आधी झुंज द्यायची, सासऱ्यांना घाम फोडायचा, आणि डाव ऐन रंगात आला की आपला वजीर उघड्यावर विसरून जायचं. सोपी पातळी आयती होती की, म्हणाल. तीही लावून पाहिली होती. "हे येडं हाय, बदलून आना," म्हणत सिद्रामप्पा दोन दिवस फुरंगटून बसले होते.

या बदलाला मल्लिनाथ ठिगळ म्हणे. अडचण अशी, की ती हौशी मंडळी स्वस्थ बसत नसत. थोड्या थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती काढत, आतली भिंत तिकडे नेत, दार इकडे करत, आणि जुनं ठिगळ बसेनासं होई. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून मल्लिनाथ ते नव्यानं बेतत बसे. जुनीच आवृत्ती ठेवली असती तर याचं काय बिघडलं असतं? काही नाही! पण नवं दिसलं की याचे हात शिवशिवणार. एकदा त्यानं त्या मंडळींनाच लिहून पाहिलं, की सासऱ्यांसाठीची ही सोय तुम्हीच आत करून टाका. त्यांनी अदबीनं कळवलं, की अशी मागणी दुसऱ्या कुणाचीही आलेली नाही.

अधिक महिना आला. जावई म्हणून मल्लिनाथला सासुरवाडीला धोंड्यांचं जेवण होतं. ताट वाढेपर्यंत त्यानं नवी आवृत्ती चढवली. ठिगळ जेवल्यावर लावू म्हणाला. चन्नम्मांनी पुरणाच्या धोंड्यांवर असं तूप ओतलं, की जेवून तो जो आडवा झाला तो घोरायलाच लागला.

जागा झाला तेव्हा पडद्यावर सिद्रामप्पांचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला होता. डाव संपला होता. सिद्रामप्पा उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले.

मल्लिनाथ धडपडत उठला. मामा मठात गेले, आता रात्री कुणाच्याच पोटात अन्न नाही! घाईघाईनं त्यानं जुनं ठिगळ लावायला घेतलं. ते बसेना. इथं कापलं, तिथं जोडलं आणि एकदाचं बसवलं. जरा हुश्श करतो, तोच दारात गलका झाला. सिद्रामप्पा अर्धी गल्ली घेऊन आले होते, हातात पेढ्यांचा पुडा.

"ह्या तम्माला म्या शिकवलं," पेढे वाटत ते सांगत होते. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कॉम्प्युटरला ते लाडानं तेच म्हणत. "इतकी वर्सं वजीर सांभाळ, वजीर सांभाळ म्हनून घसा कोरडा केला. आज गुरूला हरवलं गड्यानं! बसा, दावतो."

"मामा, उद्या खेळा की," मल्लिनाथ म्हणाला. कुणी ऐकलं नाही. डाव रंगला, गल्ली पुढं सरकली, आणि तम्मानं आपला वजीर अलगद उघड्यावर ठेवला. सिद्रामप्पांचा चेहरा असा पडला, की मल्लिनाथला स्वतःचाच राग आला.

"अय्यो, दिष्ट लागली लेकराला!" म्हणत चन्नम्मांनी कॉम्प्युटरवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकायला नेल्या. ठसका येतो की नाही ते बघायला सगळी गल्ली मागोमाग स्वयंपाकघरात शिरली. तेवढ्यात मल्लिनाथनं ठिगळ उसवून टाकलं. आतून निकाल आला, की ठसका अजिबात नाही, म्हणजे दृष्ट जबर होती.

पुढच्या डावात तम्मानं सिद्रामप्पांना पार झोपवलं. गल्लीनं टाळ्या पिटल्या. सिद्रामप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मल्लिनाथला हळूच बाजूला घेतलं.

"जावईबापू, रागाला येऊ नका. पर तुमी हात लावला की ते तुमच्यावानी खेळतंय. तुमाला बी लई शिकवलं, तुमाला काय जमलं न्हाय. जरा लांबच बसत जावा."

खरं काय ते मल्लिनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचे डोळे बघून त्यानं ते गिळलं.

"व्हय मामा," तो म्हणाला, आणि लांब जाऊन बसला.