रात्रभर बाहेर राहिलेलं इन्सुलिन

बिराप्पा साहेबांविषयी हंबीररावांना फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. जतकडच्या मेंढपाळाच्या घरचे, फौजेच्या दवाखान्यात काम करत सुभेदार झालेले आणि पेन्शनीनंतर माजी सैनिकांचे दवाखाने तपासत हिंडणारे. एवढंच, तेही एका दिवसात कानावर पडलेलं. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा त्यांना मुलंबाळं किती, हेसुद्धा हंबीररावांना सांगता येईना. तो एक दिवस मात्र लख्ख आठवत होता.

हंबीरराव सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका दवाखान्याचे चौकीदार, स्वतः माजी हवालदार. तपासणीची तारीख कळली आणि म्हातारा पुन्हा जवान झाला. वाटेकडेच्या दगडांना गेरू-चुना लागला, नळाच्या पितळी तोट्या चिंचेनं चमकल्या. आदल्या संध्याकाळी औषधं देणारी स्वप्नाली घरी गेली, तशी त्यांनी तिची खोली उघडली. फौजेत तपासणीला सगळं सामान पांढऱ्या चादरीवर मांडतात, उंचीप्रमाणं, एका रेषेत. त्यांनी दोरी धरून औषधांचे डबे मांडले. फ्रिज बंद करून आतून लख्ख पुसला आणि त्यातल्या इन्सुलिनच्या चाळीस बाटल्या पहिल्या ओळीत उभ्या केल्या. एप्रिल महिना, वर पत्रा. बाटल्या रात्रभर तिथंच.

सकाळी आठला स्वप्नालीनं दार उघडलं आणि किंचाळलीच.

"आवं आबा, ह्ये काय केलंत!"

"का? रांग वाकडी झाली?"

"इन्सुलिन हाय त्ये! उकाड्यानं नासतंय!"

तिची कंत्राटी नोकरी महिनाअखेर संपत होती. पुढची मुदत आजच्या शेऱ्यावर होती. हंबीरराव चादरीकडं धावले.

"परत फ्रिजात घालतो पटापट. गार झाल्यावर कोण वळखतंय?"

"उद्या साळूबाई त्येच टोचून घेणार, आबा. न्हाई." बाहेरच्या बाकावर पहिलाच नंबर लावून बसलेल्या त्या म्हाताऱ्या वीरपत्नीकडं तिनं बोट केलं, फ्रिज चालू केला आणि नोंदवही ओढून लिहायला बसली. तेवढ्यात जीप दारात आली.

बिराप्पा साहेब बारकेसे, पण चाल अशी की मागं पळावं लागे. "दगडांस्नी गेरू कशापायी? दगड कवा आजारी पडलेत रं?" असं म्हणत आत आले आणि चादरीपुढं थबकले. एक बाटली उचलून गालाला लावली.

"कोमट हाय. कुणी काढल्या?"

स्वप्नाली बोलायच्या आत हंबीररावांनी टाचा जुळवल्या. "मी, साहेब! बाईंचा काय बी संबंध न्हाई. घालवायचं तर मला घालवा!"

"विश्राम, हवालदार, विश्राम! कानठळ्या बसल्या."

त्यांनी नोंदवही घेतली. शाई अजून ओली होती. 'सकाळी आठ. फ्रिज बंद. चाळीस बाटल्या रात्रभर बाहेर. रुग्णांना देऊ नयेत.' मग वर्षभराची पानं मागं उलटली. रोज दोनदा फ्रिजचं तापमान, वीज गेली असेल तर तेही.

"आपल्याच अंगावर येईल असं लिवलेलं आज पयल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले आणि उभ्याउभ्याच शेरा लिहिला. बाटल्या बाद. औषधांच्या खोलीची किल्ली इथून पुढं चौकीदाराकडं नको. नोंदी खऱ्या, स्वप्नालीबाईंची मुदत वाढवावी.

स्वप्नालीनं तो शेरा दोनदा वाचला. तिला नीट रडूही दिलं नाही त्यांनी. "आवं बाई, बर्फाची पेटी घ्या आन् माझ्या जीपनं सातारा गाठा! बाकावर माणसं बसल्यात!"

तीनच्या सुमारास जीप हॉर्न वाजवत परतली, तसा अख्खा बाक उभा राहिला. साळूबाईंनी दोन्ही हातांनी पेटीला नमस्कारच केला. हंबीररावांनी नकळत सॅल्यूट ठोकला आणि सगळे हसले. जी माणसं घरी अंथरुणाला खिळून होती, त्यांच्याकडं साहेबांनी तीच जीप स्वप्नालीबरोबर धाडली. स्वतः पिशवी खांद्याला लावली. हंबीरराव फाटकापर्यंत गेले. खूप काही बोलायचं होतं.

"सांगलीची यष्टी कवा हाय?" साहेबांनी विचारलं.

"सव्वाचारला. पर स्टँडात येत न्हाई, रस्त्यावरच हात करा."

"बरं. येतो मग."

"या, साहेब."