पंच बसल्याबिगर गाऱ्हाणं नाही

उजवा कान माझ्याकडे करून ते विचारायचे, "भाऊ, दिल्लीत पंच बसला काय?"

मुरबाडला कचेरीसमोर माझं अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. पिशवीत कागद घेऊन हिंडणारे असे म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. हे टोकावड्याकडचे, बांधाची भांडणं मिटवणारे गावचे जुने पंच. म्हसा गावच्या जत्रेत बैल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना चौकीत नेलं आणि बडव बडव बडवलं. चोर दुसराच निघाला. यांचा डावा कान मात्र गेला तो गेलाच. भरपाईचं नाव काढलं की चिडायचे. "आमची चूक झाली, येवढं कुनीतरी बोलावं," म्हणायचे.

चार ठिकाणी हेलपाटे घालून माझ्याकडे आले. मी म्हटलं, "बाबा, दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाला अर्ज करू." मोबाईलवर बघतो तर अध्यक्षाची खुर्ची रिकामी, हंगामी माणूस काम बघतोय.

"अर्ज आत्ताही घेतात, बाबा."

"नाय रे! पंच बसल्याबिगर गाऱ्हानं मांडायचं नाय. कोन बसवतो त्याला?"

"राष्ट्रपती. पण नाव सुचवते समिती. पंतप्रधान, गृहमंत्री, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्हीकडचे विरोधी पक्षनेते."

"गृहमंत्री मंजे पोलिसांचाच मानूस ना? आमी बांध कोरनाऱ्याला पंच निवडाय बोलवत नाय." मग हळूच म्हणाले, "मला कवा इचारनार? दोनी बाजूंनी हो म्हटल्याव पंच बसतो."

मला हसू आलं. हसलो मी, थू माझ्या शहाणपणावर!

दर बाजारच्या दिवशी यायचे, विचारायचे, जायचे. महिने गेले. शेवटी दिल्लीत अध्यक्ष नेमला. धुतलेलं धोतर नेसून आले, शब्द न् शब्द सांगून अर्ज लिहून घेतला. तोवर पुढची जत्राही उलटली होती.

उत्तर आलं. घटनेला वर्ष होऊन गेलं, सबब तक्रार घेता येत नाही. कायदाच तसा आहे म्हणे! खुर्ची रिकामी ठेवायला मुदत नाही, मार खाल्लेल्या म्हाताऱ्याला मात्र वर्षाची मुदत. किळस येते, किळस! आणि माझीही येते. ती अट माहितीपत्रकात छापलेली होती. दिवसभर लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या या दीडशहाण्याने ती वाचलीच नव्हती.

उजव्या कानात ओरडून वाचून दाखवलं. दुकानातले सगळे बघायला लागले. त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"मंजे चूक माजीच निघाली," म्हणाले आणि उठले.

माझी चूक होती, हे मी तेव्हा बोललो नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. परवा त्यांच्या गावचा एकजण भेटला. बांधाचं भांडण पेटलं म्हणून गाव त्यांना बोलवायला गेलं, तर ते उंबऱ्याबाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, "दुसरा बघा. चुकलेला मानूस पंच व्हत नाय."