तळ दिसेपर्यंत

रिया आणि ओम, तुमच्या घरामागच्या स्विमिंग पूलवरचं हिवाळ्याचं झाकण काढल्याचा फोटो काल मिळाला. शनिवारी पाण्यात उतरणार म्हणता. त्याआधी आपल्या अंधेरीच्या सोसायटीतल्या तांडेलांबद्दल लिहिते. ते आमचा पूल सांभाळायचे. तुम्ही एकदा त्यांच्यावर फार रागावला होतात.

तांडेल वेसाव्याचे कोळी. निम्मं आयुष्य होडीवर गेलेलं, पण आमच्या एवढ्याशा पूलकडे ते कायम संशयाने बघायचे.

होळी झाली की ते टाइल्स घासत, टँकरचं पाणी भरत, औषध टाकून दोन दिवस फिल्टर चालवत. मग कठड्यावर उभं राहून खोल बाजूच्या तळाला असलेल्या जाळीचे स्क्रू मोजत. आठही दिसले तरच फाटक उघडायचं. मी हसले तर म्हणाले, "बाय, दर्यात मासली दिसली नाय तरी चालतंय. इथं पोरं दिसली पायजेत."

तुम्ही सुट्टीत माझ्याकडे आला होतात त्या वर्षी चेअरमननी उद्घाटन ठेवलं. पाहुणे आले, रिबन बांधली, तुम्ही मुलं टॉवेल घेऊन रांगेत. तांडेल फाटक उघडेनात.

"अरे तांडेल, उघड ना यार! पाहुणे काय तुझं तोंड बघायला आलेत?" चेअरमन ओरडले.

"माजं नको. पाणी बघा."

मी सेक्रेटरी. कार्यक्रम माझ्या सहीने ठरलेला. मीही आवाज चढवला. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मना तळ दिसत नाय. तुमाला दिसतोय तं तुमी उघडा."

मी चष्मा पुसून वाकून पाहिलं. पाणी वरून निळं, सुरेख. खाली मात्र दुधासारखं गढूळ. जाळीच दिसेना, स्क्रू कुठले मोजणार? मी किल्ली परत दिली. पाहुणे सामोसे खाऊन गेले आणि ओम, तू रडत घरी आलास.

पुढच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, या माणसाला काढा. मी म्हटलं, आधी माझा राजीनामा घ्या. तांडेल राहिले. मी हे त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "बरा झाला. क्लोरीन संपलाय, तेवढा मागवा."

गेल्या दिवाळीनंतर तांडेल वारले. पूल आता एका एजन्सीकडे आहे. त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये मी लिहिलेला नियम मात्र अजून पाळला जातो: किल्ली पाणी तपासणाऱ्याकडेच राहील, चेअरमन किंवा सेक्रेटरी ती मागणार नाहीत.